जागा आणि वेळ: सिंगापूरमधील नोकरदार स्तनदा मातांचे हक्क

बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झालेल्या आईला बाळाचे अंगावरचे दूध चालू ठेवायचे असेल, तर कामाच्या वेळात साधारण दर तीन तासांनी दूध काढून ठेवावे लागते. एका पाळीत असे दोन-तीन वेळा होते. पंपाने दूध काढायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पंप जोडणे, नंतर त्याचे भाग धुणे, पिशवीवर तारीख-वेळ लिहून दूध थंड जागी ठेवणे हे सगळे धरले तर अर्धा तास मोडतो. त्यासाठी तिला तीन गोष्टी हव्या असतात: आतून कडी लागेल अशी स्वच्छ खोली, दूध थंड ठेवायची सोय, आणि कुणाची मनधरणी न करता कामावरून उठता येईल असा वेळ. सिंगापूरने पहिल्या दोन गोष्टींची बऱ्यापैकी तजवीज केली आहे. तिसरी गोष्ट तिथल्या कायद्यात अजून आलेली नाही, आणि या विषयातले बहुतेक प्रश्न तिथेच येऊन थांबतात.

शरीराचे वेळापत्रक

दुधाची निर्मिती मागणीवर चालते. बाळ ओढते किंवा पंप लावला जातो तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि पुढचे दूध तयार होऊ लागते. स्तन भरलेलेच राहिले, तर दुधातलाच एक घटक निर्मिती मंदावण्याचा इशारा देतो. एखाद्या दिवशी एक वेळ चुकली म्हणून काही बिघडत नाही. रोजच चुकत गेली, तर काही आठवड्यांत दूध आटते. त्याआधी छाती दगडासारखी घट्ट होते, ठणकते, गाठी धरतात. पुढे ताप येऊन स्तनदाहापर्यंत मजल गेली, तर आईला आजारपणाची रजा घ्यावी लागते, म्हणजे नुकसान कंपनीचेही होते.

पान्हा फुटण्याचे काम ऑक्सिटोसिन करते, आणि भीती, घाई, ताण यांनी ते अडते. पान्हा यायला मन निवांत लागते असे जुन्या बायका सांगत आल्या, त्याला शरीरशास्त्राचा पूर्ण आधार आहे. बैठक सुरू व्हायला दहा मिनिटे उरली असताना, दारावर टकटक होत असताना पंप लावला तर अर्धा तास बसूनही बाटलीचा तळ जेमतेम भरतो. म्हणून वेळेचा हक्क म्हणजे नुसती मिनिटे नव्हेत. ती मिनिटे हक्काची आहेत ही खात्रीही त्यात धरायची असते.

काढलेले दूध खोलीच्या तापमानात सुमारे चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस आणि फ्रीझरमध्ये सहा महिने चांगले राहते. सिंगापूरमध्ये बाराही महिने दुपारचा पारा तिशीच्या वर असतो. त्यामुळे कार्यालयात फ्रीज, आणि एमआरटी या मेट्रोने घरी जाताना बर्फाच्या पट्ट्या घातलेली थंड पिशवी, या दोन्ही गोष्टी तिथल्या आईच्या रोजच्या सामानात असतात.

थोडा इतिहास

बाळाच्या दुधाचा प्रश्न सिंगापूरमध्ये जुना आहे. जमैकात जन्मलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात ‘मिल्क अँड मर्डर’ या शीर्षकाचे भाषण दिले. गोड आटवलेले डब्यातले दूध तान्ह्या बाळांचे अन्न म्हणून विकले जात होते आणि त्यापायी बाळे दगावत होती, हे त्यांनी त्या सभेत रोखठोक सांगितले. जगभर पुढे झालेल्या बाळदुधाच्या विक्रीविरोधी चळवळीत या भाषणाचा दाखला सतत दिला गेला.

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले, बायका मोठ्या संख्येने पाळ्यांमध्ये काम करू लागल्या आणि बाटलीचे दूध सोयीचे ठरले. त्याला उत्तर म्हणून १९७० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. स्तनदा मातांना आधार देणारा स्वयंसेवी गट, ब्रेस्टफीडिंग मदर्स सपोर्ट ग्रुप, १९७५ मध्ये उभा राहिला. बाळदुधाच्या जाहिरातींवर नैतिक बंधने घालणारी समिती १९७९ मध्ये नेमली गेली. पुढे मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांनी ‘शिशुस्नेही रुग्णालय’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळवले. नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने २०१३ मध्ये सुरुवात केली आणि केके विमेन्स अँड चिल्ड्रेन्स हॉस्पिटल त्यामागोमाग आले.

या प्रयत्नांचे फळ आकड्यांत दिसते. २००१ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ९५ टक्के मातांनी अंगावर पाजायला सुरुवात केली होती, पण सहा महिन्यांनी २१ टक्केच पाजत होत्या. २०११ च्या पाहणीत सुरुवात करणाऱ्या ९९ टक्क्यांवर गेल्या आणि सहा महिन्यांनंतरही पाजणाऱ्या ४२ टक्के झाल्या. मात्र सहाव्या महिन्यात बाळाला निव्वळ आईचेच दूध देणाऱ्या एक टक्काही नव्हत्या. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नासोबत ते चालू, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सिंगापूरच्या आईची इच्छा या शिफारशीशी जुळते, तिचा दिवस जुळत नाही. दूध पुरत नाही असे वाटणे आणि कामावर परतणे ही दूध तुटण्याची दोन कारणे जगभरच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि दुसऱ्यातून पहिले जन्मते हेही अनेकदा खरे असते.

रजा किती, कुणाला

कामावर केव्हा परतावे लागते यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. सिंगापूरमध्ये मातृत्व रजेचे दोन वेगळे कायदे आहेत. बाळ सिंगापूरचे नागरिक असेल, तर आईला १६ आठवडे पगारी रजा मिळते. ही रजा २००४ मध्ये ८ आठवड्यांवरून १२ वर आणि २००८ मध्ये १२ वरून १६ वर नेली गेली. पहिले आठ आठवडे सलग घ्यावे लागतात. उरलेले आठ मालकाच्या संमतीने वर्षभरात तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. ही सवलत स्तनदा आईला मोठ्या कामाची ठरते, कारण आठवड्यातले दोन-तीन दिवस घरी राहून ती दूध टिकवू शकते.

बाळ नागरिक नसेल, तर १९६८ चा रोजगार कायदा लागू होतो आणि रजा १२ आठवड्यांची होते. त्यातल्या आठ आठवड्यांचा पगार मालकाने द्यायचा, तोही हयात असलेली आधीची मुले दोनपेक्षा कमी असतील तरच. शेवटचे चार आठवडे बिनपगारीही असू शकतात. सिंगापूरमधल्या अनेक मराठी कुटुंबांना हाच नियम लागतो. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी व्यावसायिकांच्या कामाच्या परवान्यावर, आलेल्या अभियंता किंवा बँक अधिकारी आईचे बाळ जन्माने सिंगापुरी नागरिक होत नाही. सरकारी पद्धतीप्रमाणे चार आठवडे बाळंतपणाआधी आणि आठ नंतर घेतले, तर बाळ दोन महिन्यांचे होते तेव्हाच आई कार्यालयात असते. त्या वयाचे बाळ दिवसातून आठ-दहा वेळा दूध पिते. एक सुधारणा इथे नोंदवायला हवी: १ एप्रिल २०१९ पर्यंत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगाराचे व्यवस्थापक आणि अधिकारी रोजगार कायद्याच्या बाहेर होते. त्या दिवसापासून पगाराची ती अट गेली आणि मोठ्या हुद्द्यावरच्या परदेशी महिलांनाही या कायद्याचे छत्र मिळाले.

वडिलांच्या रजेतही नागरिक बाळांसाठी मोठा बदल झाला आहे. १ एप्रिल २०२५ पासून वडिलांना चार आठवडे पगारी रजा बंधनकारक झाली. त्याच दिवसापासून आई-वडिलांनी वाटून घ्यायची सहा आठवड्यांची सामाईक रजा आली आणि १ एप्रिल २०२६ पासून तिचे दहा आठवडे ठरवले गेले. तिन्ही मिळून एका कुटुंबाला ३० आठवडे होतात. सामाईक रजेची निम्मी-निम्मी वाटणी धरली तर आईला २१ आठवडे मिळतात, आणि वाटणी आपसांत बदलता येत असल्याने ती सहा महिन्यांच्या जवळ पोचू शकते. दूध टिकवण्याच्या दृष्टीने गेल्या दोन दशकांतली ही सर्वांत परिणामकारक तरतूद आहे. परदेशी पासवरच्या कुटुंबाला तिचा लाभ नाही.

विश्रांतीचा वेळ: कायद्याचे मौन

सिंगापूरच्या कोणत्याही कायद्यात स्तनपानासाठी किंवा दूध काढण्यासाठी वेगळी सुट्टी नाही. रोजगार कायद्याचा चौथा भाग विश्रांतीबद्दल बोलतो. सलग सहा तासांहून अधिक काम विश्रांतीशिवाय करून घेऊ नये, आणि काम न थांबवता चालवावे लागणारे असेल तर आठ तासांपर्यंत चालेल, पण जेवायला किमान ४५ मिनिटे द्यावीत, असे तो म्हणतो. हा भागही सगळ्यांना लागू नाही. अंगमेहनतीच्या कामगारांना महिना ४,५०० सिंगापूर डॉलरपर्यंत आणि इतरांना २,६०० डॉलरपर्यंत पगार असेल तरच तो लागतो.

याचा हिशेब सरळ आहे. सकाळी नऊला रुजू झालेल्या आईने कायद्याच्या हक्काने एकदाच उठायचे, ते जेवणासाठी. त्याच वेळात तिने दूध काढले, तर जेवण राहते. बाकीच्या वेळा वरिष्ठाच्या समजूतदारपणावर सोडलेल्या आहेत. समजूतदार वरिष्ठ सिंगापूरमध्ये भरपूर आहेत आणि अनेक कंपन्यांत साडेदहा आणि साडेतीनच्या वेळा कॅलेंडरवर बिनबोभाट राखून ठेवल्या जातात. पण चांगुलपणावर मिळालेली गोष्ट विभाग बदलला, वरिष्ठ बदलला की जाते. हक्काची गोष्ट अशी जात नाही.

सरकारची भूमिका सुरुवातीपासून समजावणीची राहिली आहे. सरकार, मालकांची संघटना आणि कामगार संघटना यांनी मिळून ठरवायचे आणि कायद्याआधी मार्गदर्शक तत्त्वे आणायची, ही सिंगापूरची त्रिपक्षीय पद्धत. त्या पद्धतीने औद्योगिक शांतता दिली, हे मान्य करायला हवे. मात्र बाळाच्या वाढीचे महिने थांबत नाहीत, आणि हळूहळू रुजणारी चांगली प्रथा आज कामावर परतलेल्या आईपर्यंत वेळेत पोचत नाही.

जागा

जागेच्या बाबतीत मात्र सिंगापूरने सक्तीचा मार्ग घेतला, आणि तो फळला. इमारतींची मानके ठरवणाऱ्या बिल्डिंग अँड कन्स्ट्रक्शन ऑथॉरिटीच्या सुलभता संहितेत कुटुंबांसाठीच्या सोयींचा समावेश झाला. २०१९ च्या आवृत्तीने मोठ्या कार्यालयीन इमारतींतही स्तनपान कक्ष आणला, आणि ही आवृत्ती जानेवारी २०२० पासून अमलात आली. चांगल्या कक्षात काय असावे याची कल्पना आता सगळीकडे सारखी झाली आहे: आतून बंद होणारे दार, टेकून बसता येईल अशी खुर्ची, छोटे टेबल, विजेचे सॉकेट, हात आणि भांडी धुवायला बेसिन, शक्य असेल तर फ्रीज. मॉल, रुग्णालये आणि चांगी विमानतळ इथे अशा खोल्या सहज सापडतात.

कामगार संघटनांच्या बाजूने नॅशनल ट्रेड्स युनियन काँग्रेसने ‘प्रोजेक्ट लिक्विड गोल्ड’ नावाची मोहीम चालवून कंपन्यांना असे कक्ष उभारायला प्रवृत्त केले. आरोग्य संवर्धन मंडळ मालकांना आणि मातांना मार्गदर्शन करते.

संहितेची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. ती नव्या किंवा मोठा फेरबदल होणाऱ्या इमारतींना लागते. जुन्या दुमजली शॉपहाउसमधले सलून, वसाहतीतल्या ब्लॉकखालची शिकवणी, औद्योगिक इमारतीतला छोटा छापखाना यांना ती लागत नाही. शिवाय नियम इमारतीला लागतो, मालकाला नाही. तीस मजल्यांच्या मनोऱ्यात तिसऱ्या मजल्यावर एक कक्ष असेल, तर कागदावर नियम पाळला गेला. पण सव्विसाव्या मजल्यावरची आई लिफ्टची वाट पाहते, खालच्या मेजावरून चावी घेते, आत आधीच कुणी असेल तर बाहेर उभी राहते, आणि अर्ध्या तासाचे काम पाऊण तासावर जाते. जिथे हेही नसते तिथे भांडार, सर्व्हरची खोली, काच झाकलेली बैठकीची खोली आणि शेवटी शौचालय हे पर्याय उरतात. शौचालयात बसून काढलेले दूध बाळाला पाजावे लागणे ही गोष्ट कोणत्याही श्रीमंत शहराला शोभणारी नाही.

कामाच्या वेळांची लवचीकता

१ डिसेंबर २०२४ पासून लवचीक कामाच्या मागणीविषयीची त्रिपक्षीय मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. उमेदवारीचा काळ पूर्ण केलेला कोणताही कर्मचारी घरून काम, वेळेत बदल किंवा कामाचा भार कमी करणे यांपैकी काही रीतसर मागू शकतो. मालकाने दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचे, आणि नकार द्यायचा तर खर्च, कामाचे नुकसान, कामाचे स्वरूप अशी धंद्याची सबळ कारणे द्यायची. ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे कारण चालत नाही.

स्तनदा आईला याचा उपयोग होतो, पण तो आधी आखणी केली तरच. दोन महिन्यांच्या मुदतीमुळे अर्ज रजेवर जाण्यापूर्वी किंवा रजेच्या सुरुवातीलाच करणे शहाणपणाचे ठरते. परतल्यावर अर्ज केला आणि उत्तर यायला साठ दिवस लागले, तर तोवर दूध आटलेले असते. अर्जात ‘घरून काम हवे’ एवढेच लिहिण्यापेक्षा ‘सकाळी साडेदहा आणि दुपारी साडेतीनला प्रत्येकी अर्धा तास, संध्याकाळी तेवढे काम भरून देईन’ असे नेमके मांडले, तर नकार देणे वरिष्ठाला अवघड जाते. मागणीवर विचार करण्याचे बंधन मालकावर आहे, ती मान्य करण्याचे नाही, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

भेदभावापासून संरक्षण

रजेच्या काळात नोकरीवरून काढण्याची नोटीस देणे गुन्हा आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत आईला कामाला लावणेही गुन्हा आहे. गरोदरपणात पुरेशा कारणाविना काढले, तर रजेचा पगार द्यावाच लागतो. अशा तक्रारी त्रिपक्षीय तंटा व्यवस्थापन संस्थेकडे जातात. तिथे समेट न झाल्यास रोजगार दावा न्यायाधिकरण निकाल देते. मातृत्वाशी जोडलेल्या बडतर्फीचा दावा बाळाच्या जन्मापासून दोन महिन्यांत दाखल करावा लागतो. बाळंतिणीच्या दृष्टीने ही मुदत फार तुटपुंजी आहे, म्हणून कागदपत्रे आधीच जमवून ठेवणे बरे.

८ जानेवारी २०२५ रोजी संसदेने कामाच्या ठिकाणी न्याय्य वागणुकीचे विधेयक मंजूर केले. भरती, बढती, प्रशिक्षण आणि बडतर्फी यांत ज्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, त्यांत गरोदरपण आणि कुटुंबाची काळजी घेण्याची जबाबदारी यांचा समावेश आहे. सुरुवातीची काही वर्षे पंचवीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना यातून सूट आहे. सिंगापूरच्या वाटचालीत हा मोठा टप्पा आहे, कारण तत्त्वांकडून कायद्याकडे पाऊल पडले. पण भेदभाव न करणे ही एक गोष्ट आणि सोय करून देणे ही वेगळी गोष्ट. दूध काढायला उठणाऱ्या आईची बढती रोखली, तर तिला दाद मागायला आधार सापडू शकेल. तिला मुळात उठूच दिले नाही, तर काय, याचे उत्तर विश्रांतीच्या कायद्यातच द्यावे लागेल.

टेबल-खुर्चीपलीकडच्या माता

आतापर्यंतचे बहुतेक विवेचन कार्यालयात बसणाऱ्या आईला धरून आहे. खरी कसोटी इतर कामांत लागते. वूडलँड्स किंवा टॅम्पिनीस इथल्या सेमीकंडक्टर कारखान्यात धूळमुक्त खोलीत काम करणाऱ्या महिलेचा सगळा देह डोक्यापासून पायांपर्यंत खास पोशाखात असतो. दूध काढायला बाहेर यायचे तर तो उतरवायचा, परतताना हात धुऊन, टोपी, मुखपट्टी, हातमोजे, बूट असा सगळा जामानिमा पुन्हा चढवायचा. बारा तासांच्या पाळीत असे तीनदा करायचे तर बदली माणूस हवा. वॉर्डातल्या परिचारिकेला भोवती सगळे वैद्यकीय ज्ञान असते, पण रुग्ण सोडून वीस मिनिटे जायला दुसरी परिचारिका लागते. दुकानातल्या विक्रेतीला, शाळेच्या बसवरच्या मदतनीस बाईला, हॉकर सेंटरमध्ये टेबले पुसणाऱ्या सफाई कामगाराला तोच प्रश्न पडतो. यांच्यासाठी खोलीइतकाच बदली माणसाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो वेळेच्या हक्काशिवाय सुटत नाही.

विमानातल्या सेविकांच्या बाबतीत एक चांगला बदल झाला. सिंगापूर एअरलाइन्समध्ये गरोदर सेविकेला पूर्वी नोकरी सोडावी लागे. जुलै २०२२ पासून तिला उड्डाणाऐवजी जमिनीवरचे काम निवडता येते आणि बाळंतपणानंतर उड्डाणावर परतता येते. दशकानुदशके चालत आलेला नियमही बदलू शकतो, हे त्यातून दिसले.

सर्वांत बाहेर राहिल्या आहेत त्या घरकामगार महिला. इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमार आणि भारतातून आलेल्या या बायका रोजगार कायद्यात मोडत नाहीत. वर्क परमिटच्या अटींनुसार त्यांना सिंगापूरमध्ये गरोदर राहता येत नाही आणि बाळाला जन्म देता येत नाही. अपवाद फक्त मनुष्यबळ मंत्रालयाच्या परवानगीने नागरिकाशी किंवा कायम रहिवाशाशी लग्न झालेल्यांचा. आई कामावर गेल्यावर तिने काढलेले दूध कोमट करून बाळाला पाजण्याचे काम अनेक घरांत यांच्याकडेच असते. त्यांच्या मातृत्वाचा विचार कोणत्याही तरतुदीत नाही, आणि स्तनदा मातांच्या हक्कांची चर्चा त्यांना वगळून पूर्ण होत नाही.

घर, पाळणाघर आणि दूधपेढी

कामावर काढलेल्या दुधाची साखळी घरापर्यंत टिकली तरच उपयोग. सिंगापूरमध्ये दोन ते अठरा महिन्यांच्या बाळांसाठी परवानाधारक शिशुसंगोपन केंद्रे आहेत. नाव आणि वेळ लिहिलेल्या दुधाच्या बाटल्या तिथे स्वीकारल्या जातात. नोकरदार आईच्या नागरिक बाळासाठी सरकार महिना ६०० डॉलरपर्यंत मूळ अनुदान देते.

बाळंतिणीची सेवा करायला मलेशियातून येणाऱ्या दाईला बाळाच्या जन्मापासून सोळा आठवड्यांपर्यंतचा खास परवाना मिळतो. चिनी घरांत दूध वाढावे म्हणून कच्च्या पपईचे आणि माशाचे सूप दिले जाते. मराठी घरांत हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू आणि बाळंतशेपा यांचा मान असतो, आणि लिटल इंडियातल्या दुकानांत बरेचसे सामान मिळून जाते. आई किंवा सासूबाई भारतातून आल्या तर तान्ह्या बाळाकडे पाहणारे माणूस घरात असते. मात्र आई-वडिलांना दीर्घ मुदतीच्या भेटीचा पास मिळवून द्यायला पासधारकाचा पगार महिना १२,००० डॉलर लागतो. त्याखालच्या पगारावर भेटीचे थोडे आठवडेच मिळतात. ही आजी परत गेली की दूध तुटण्याचा धोका वाढतो, हे घराघरांत अनुभवाने ठाऊक आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी केके रुग्णालयात ऑगस्ट २०१७ मध्ये देशातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. तिला टेमासेक फाउंडेशनचे साहाय्य मिळाले. ज्यांना भरपूर दूध येते अशा माता ते दान करतात. या क्षेत्रात मुंबई पुढे होती: शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच दूधपेढी उभारली, आणि आशियातली ती पहिली मानली जाते.

दूध तुटण्याची किंमत कुटुंब रोख पैशांतही मोजते. सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार ९०० ग्रॅमच्या बाळदुधाच्या डब्याची सरासरी किंमत दहा वर्षांत १२० टक्क्यांनी वाढली होती. कमी पगाराच्या आईला कामावर दूध काढता येत नाही आणि डबाही परवडत नाही. वेळेचा हक्क तिला सर्वांत जास्त हवा आहे.

इतर देश काय करतात

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्येच, पहिल्या मातृत्व करारात, स्तनदा आईला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास देण्याचा दंडक घातला. २००० च्या करारानेही रोज एक किंवा अधिक सुट्ट्या, किंवा तेवढे कामाचे तास कमी, आणि हा वेळ पगारी, असे ठरवले. सिंगापूरने तो करार स्वीकारलेला नाही.

अनेक देशांनी आपापल्या परीने तो दंडक कायद्यात आणला. फिलिपिन्सच्या २००९ च्या कायद्याने आठ तासांच्या कामात किमान ४० मिनिटे पगारी वेळ आणि वेगळी जागा दिली. व्हिएतनाममध्ये बाळ वर्षाचे होईपर्यंत रोज ६० मिनिटे मिळतात, तैवानमध्ये ते दोन वर्षांचे होईपर्यंत. हाँगकाँगने १९ जून २०२१ पासून स्तनपानावरून होणारा भेदभाव बेकायदा ठरवला आणि त्यात दूध काढणेही धरले. अमेरिकेने डिसेंबर २०२२ च्या कायद्याने बाळ वर्षाचे होईपर्यंत दूध काढायला वेळ आणि शौचालय सोडून दुसरी खासगी जागा देणे बहुतेक मालकांना बंधनकारक केले.

भारतात १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा आणली. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवरच्या स्तनपान खोल्यांना रायगडाच्या हिरकणीचे नाव दिले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही हिरकणी कक्ष उघडला गेला. असंघटित क्षेत्रातल्या कोट्यवधी बायकांपर्यंत भारतातला हक्क पोचत नाही, आणि कागदावरचे कक्ष अनेकदा कुलूपबंद असतात. भारताने वेळ कायद्यात लिहिला आणि जागा देताना तो कमी पडला. सिंगापूरने जागा बांधली आणि वेळ लिहायचा ठेवला. दोघांना एकमेकांकडून शिकता येण्यासारखे आहे.

पुढची दिशा

२०२३ मध्ये सिंगापूरचा एकूण प्रजनन दर ०.९७ पर्यंत घसरला. मुले जन्मावीत म्हणून शासन अनुदाने, घरे, रजा असे सारे काही देऊ करत असताना जन्मलेल्या बाळाच्या आईला दिवसातला एक तास हक्काने न देणे हे धोरणाशीच विसंगत आहे.

त्यासाठी तीन बदल पुरेसे आहेत. पहिला, बाळ वर्षाचे होईपर्यंत रोज दोन अर्ध्या तासांची पगारी सुट्टी रोजगार कायद्यात लिहावी. ती पगाराच्या मर्यादेत अडकवू नये आणि बाळाच्या नागरिकत्वावर अवलंबून ठेवू नये, कारण दूध आटण्याचा नियम पासधारक आणि नागरिक यांना सारखाच लागतो. दुसरा, जागेचे बंधन इमारतीबरोबर मालकावरही घालावे. लहान आस्थापनाला कायमची खोली परवडत नसेल, तर पडदा, कडी, खुर्ची, विजेचे सॉकेट आणि फ्रीजमधला एक कप्पा एवढे ठरावीक वेळांना देणे कुणालाही जमते. तिसरा, पाळीच्या कामात बदली माणसाची सोय करणाऱ्या लहान मालकांना रजेप्रमाणेच इथेही सरकारने खर्चाचा वाटा उचलावा.

तोवर कामावर परतणाऱ्या आईने उपलब्ध साधने पूर्ण वापरावीत: रजेआधी लवचीक वेळेचा लेखी अर्ज, रजेचे शेवटचे आठवडे तुकड्यांत घेण्याची बोलणी, इमारतीतल्या कक्षाची आधीच पाहणी, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागून घेणे. नकाराची कारणे देण्याचे बंधन आता मालकावर आहे, आणि कागदावर नोंदलेल्या कारणाला त्रिपक्षीय संस्थांकडे आव्हान देता येते.